दहापैकी दहा चूक

विज्ञानाच्या बाईंनी पेपर चौथ्यांदा तपासला, आणि चौथ्यांदाही भोपळाच. चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून तार गेली आहे, तिच्यातून वीज वाहते आहे, तर तार आत ओढली जाईल की बाहेर ढकलली जाईल? असे दहा प्रश्न. भिंगरीने दहाच्या दहा चुकवले होते.

भिंगरी समोरच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. शेजारी तिचे वडील. त्यांचं विजेच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. बोटांना अजून वॉर्निशचा वास होता. विज्ञान शाखेची यादी चार वाजता मुख्याध्यापकांकडे जायची होती आणि आता सव्वातीन झाले होते. या पेपरात नापास, तो यादीतून बाद.

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "दुसऱ्या शाखेसाठी इथे सही करा. मला काय आनंद होतोय का? पण मी तरी काय करू?"

वडिलांनी पेन घेतलं, आणि हात तसाच राहिला. "बाई, एक विचारू? अडाण्याचा प्रश्न आहे."

"विचारा."

"दुकानात एखादी मोटार कधी सुलटी फिरते, कधी उलटी, कधी नुसतीच गुरगुरते. ती बिघडलेली. पण जी दरवेळी उलटीच फिरते ना, तिला मी खोलतसुद्धा नाही. आतून ठणठणीत असते. जोडणाऱ्याने वायरी उलट्या लावलेल्या असतात."

बाई बघतच राहिल्या. खरंच की. दोनच पर्याय असताना डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी चारपाच बरोबर आलेच असते. दहाच्या दहा चुकायला विषय पक्का यावा लागतो.

"भिंगरे, इकडे ये. हा पहिला प्रश्न माझ्यासमोर सोडव."

भिंगरीने पेन उचललं आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं एकमेकींशी काटकोनात ताणली. पुटपुटत म्हणाली, "तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे. मधलं बोट विजेकडे. अंगठा दाखवेल तिकडे तार जाणार. म्हणजे बाहेर."

"हात कुठला धरलास?"

"तुम्ही सांगितलात तोच. पेन नसेल तो, मोकळा."

पेन तिच्या डाव्या हातात होतं.

बाईंनी कपाळावर हात मारला. वीस वर्षं त्या वर्गात हेच सांगत आल्या होत्या. डाव्याउजव्यात पोरांचा घोळ नको म्हणून काढलेली युक्ती. नियम डाव्या हाताचा, आणि ही डावखुरी लेक बिचारी आज्ञा पाळून उजवा धरत होती.

"वायरी मीच उलट्या लावल्या होत्या हो," बाई म्हणाल्या आणि अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "ठेव ते पेन खाली. आता डावा हात."

फळ्यावर नवे दहा प्रश्न पडले. भिंगरीचा अंगठा आत, बाहेर, पुन्हा आत. दहाही बरोबर. तरी बाईंनी कपाटातून नालासारखं चुंबक काढलं, त्याच्या फटीत फॉइलची बारीक पट्टी सैल टांगली आणि सेलच्या वायरी भिंगरीच्या हाती दिल्या. "आधी सांग, मग लाव."

"आत येणार."

वायर टेकली आणि पट्टी टुणकन आत उडाली.

वडील बाकावरून उठून चुंबकाशी वाकले होते. "एवढीशी ढकल? हीच का माझ्या मोटारीत असते? पंचवीस वर्षं तांबं गुंडाळतोय, पण ती एकटी अशी कधी दिसलीच नव्हती." क्षणभर त्यांचे हात जोडले गेले. "कोणी हात लावत नाही, फुंकर घालत नाही, आणि हलते. देवा रे देवा. भिंगरे, परत लाव."

"बाबा, सेल संपेल."

"संपू दे. मी आणून देतो डझनभर."

दारात शिपाईमामा कधीचे उभे होते. "बाई, चार वाजून गेले. यादी?"

बाईंनी भिंगरीचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. पण मामांचा पाय निघेना. "ते काय उडतंय?"

"या, बसा," वडील सरकून जागा करत म्हणाले. "आमची लेक दाखवतेय."