भरलेल्या तळ्याचा फोटो

कोरड्या तळ्याच्या मधोमध मांडव होता आणि मांडवात भरलेलं तळं! चौकटीत, काचेमागं, झेंडूच्या हाराखाली. फुलंब्रीकडच्या दोन-तीन गावांतली माणसं भेगाळलेल्या गाळातून चालत येत होती आणि त्या फोटोपुढं डोकं टेकत होती.

"ह्यो कॅमेरा नाय, तिसरा डोळा हाय!" गळ्यातला कॅमेरा उंच धरून मांडवातले त्रिकाळ महाराज गरजले. "तुमचा फोन आजचं टिपतो, माझा पुढचं टिपतो. येत्या अमावस्येला तळं असंच भरणार!"

"मागच्या टायमालाबी अमावस्याच म्हनले होते," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"शंका घेतली की पाणी आटतं!"

आधी पाणी होतं कुठं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. मी चारुता. हर्सूलच्या एका फोटो स्टुडिओत काम करते. त्या दिवशी गावच्या शाळेत मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला आले होते. गर्दी दिसली म्हणून तळ्यात उतरले आणि फोटो जवळून पाहिला. पाण्याच्या डाव्या कडेला दोन बगळे होते. ते मीच बसवले होते.

दोन महिन्यांपूर्वी एक माणूस मोबाइलमध्ये कोरड्या तळ्याचा फोटो घेऊन आला होता. "कॅलेंडरला पायजे, मॅडम. पाणी भरा, हिरवंगार करा." मी हौसेनं केलं. दुसऱ्या एका तलावाच्या फोटोतलं पाणी कापून आणलं, टेकडी उलटी करून तिचं प्रतिबिंब त्यात सोडलं, पिवळा माळ हिरवा केला. झाडं कमी वाटली म्हणून एकाच बाभळीच्या तीन बाभळी केल्या.

माझ्या शेजारी एक म्हातारी हात जोडून उभी होती. कस्तुराबाई. मेंढपाळ घरातली.

"भावकीतले समदे मेंढरं घेऊन खानदेशाकडं गेले," ती म्हणाली. "म्या नाय गेले. आपलंच तळं भरनार, तर जायचं कशाला?"

"मेंढरं कुठंयत?"

तिनं टेकडीकडं बोट केलं. तिथं घारी फिरत होत्या. "चार राह्यलीत."

मी मांडवात शिरले. पिशवीतला लॅपटॉप काढून मूळ फोटो उघडला. कोरडं तळं, एकच बाभूळ.

"हा फोटो मी बनवलाय," मी ओरडूनच म्हणाले. "या तिन्ही बाभळी नीट बघा. तिघींची डावी फांदी एकाच जागी मोडलेली आहे."

"बाईवर करणी झालीय!" महाराज ओरडले.

शाळेचे गुरुजी साहेबराव पुढं आले. "करणी असंल तर समद्यांसमोर करू द्या. बाई, आत्ता इथला फोटो काढा. त्यात जहाज घाला."

मी फोटो काढला. दहा मिनिटांत लॅपटॉपवर त्या गाळात समुद्र आला, समुद्रावर जहाज आलं. काही जण हसले. मग हसू विरलं आणि माणसं महाराजांना शोधू लागली. त्यांची जीप केव्हाच बांधावर चढली होती. संध्याकाळी गुरुजींनी पोलिसांत तक्रार दिली, मी जबाब लिहून दिला.

कस्तुराबाई हसली नव्हती. तिनं हाराखालच्या चौकटीजवळ जाऊन तळ्याच्या पाण्यावर बोट ठेवलं.

"ह्ये तू केलं व्हय?"

"हो, आजी. मला ठाऊक नव्हतं, ते कशासाठी…"

"लई चांगलं केलं गं. मला खरंच वाटलं."

ती चार मेंढरं गुरुजींनी टेम्पोत घालून तिच्या भावकीकडं पोचवली. वाटेत एक गेलं.

हे मी लिहिते आहे, कारण असे फोटो आता कुणालाही बनवता येतात, आणि बनवणाऱ्याला तुमचा चेहराही माहीत नसतो. पुढं काय होणार हे कुठल्याच कॅमेऱ्यात येत नाही. कुणी भरलेलं तळं दाखवलं तर आधी मूळ फोटो मागा, कुणी काढला ते विचारा. आणि जिथं उभे आहात तिथली माती हातात घेऊन बघा. ती कोरडी असेल, तर मेंढरं घेऊन निघा.