माझ्या अंगाखालचा उंचवटा

"काहून टोचून राहिली ही सतरंजी? गाठी पडल्या वाटते हिले," ममता पुटपुटली आणि दोन वीत पुढे सरकली.

माझ्यावर बसून कोणी कितीही हळू बोललं तरी मला ऐकू येतं. मित्रांनो, मी एक जुनी निळी सतरंजी आहे, जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या समाज भवनाची. माझ्यात दोष पुष्कळ आहेत. एक कोपरा उंदरांनी नेला, मधोमध वांग्याच्या रश्श्याचा डाग आहे. पण गाठी नाहीत. टोचत होतं ते दुसरंच, आणि त्या रविवारी ते बोलून दाखवायला कोणी तयार नव्हतं.

पन्नासहून जास्त वर्षं झाली. तुरुंगातल्या कैद्यांनी मला मागावर विणलं, त्याच वर्षी हे भवन उभं राहिलं. विदर्भातून कारखान्यात कामाला आलेल्या माणसांनी पाळी सुटल्यावर गारा कालवला, बायकांनी विटा वाहिल्या. त्यांत मालनबाई होती, तेव्हा नवी नवरी. तिचा नवरा मोतीराम पहिल्याच दिवशी म्हणाला होता, इथे खुर्ची कोणालाच नाही, साहेब असो की झाडूवाला, सगळे सतरंजीवर. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी. पुढे लग्नं झाली, रविवारची वंदना झाली, पोरांच्या शिकवण्या झाल्या. कोणाच्या घरी मयत झाली की रडायलाही लोक माझ्यावरच आले. मी सगळ्यांना एकाच उंचीवर बसवलं.

मग तीस वर्षांपूर्वी मोतीरामने नागपूरहून बोधिवृक्षाचं रोप आणलं. दुधाच्या डब्यात, सगळा प्रवास मांडीवर धरून. पुढचं अंगण मोकळं होतं, पण तिथे पोरं चेंडू खेळत. म्हणून त्याने ते मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर लावलं, जिथे भांडी धुतलेलं पाणी जायचं. पिंपळ तो, मित्रांनो. त्याला पाणी कुठे आहे ते सांगावं लागत नाही. पण मोतीरामला कोण सांगणार? सगळ्यांनी हात जोडले. दर बुद्धपौर्णिमेला झाडाला पाण्याचा पहिला तांब्या मोतीरामचा असे. तो गेल्यापासून मालनबाईचा. त्या मानासाठी ती आठवडाभर आधी पातळ काढून ठेवते.

दहाएक वर्षांपूर्वी मागच्या भिंतीला चीर पडली. त्यांनी तिच्यावर कॅलेंडर टांगलं. चीर कॅलेंडरच्या खाली आली, तेव्हा मोठी तसबीर लावली. तसबीर पुरेना, तेव्हा लोखंडी कपाट सरकवलं. एव्हाना प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या आणि मी जिन्याखाली पडले होते. कपाटाजवळची खुर्ची डुगडुगे. पायाखाली पुठ्ठा घालून लोक बसत. पुठ्ठा बदलत, पण खाली वाकून कोणी बघत नसे.

यंदा भवन जर्जर असल्याची महापालिकेची नोटीस दारावर लागली. समाजातलाच इंजिनियर सुगत येऊन पाहून गेला. जिन्यावर उभा राहून तो फोनवर बायकोला सांगत होता, की झाड मशीनने मुळासकट उचलून अंगणात लावता येतं, भिंत बांधून निघते, हॉल अजून पन्नास वर्षं राहील. पण हे आपण कसं बोलायचं, मालनआजी अजून हयात आहेत. मग अहवालात त्याने लिहिलं: कारण, इमारतीचं वय.

त्या एका शब्दावर सगळं ठरलं. हॉल पाडायचा, तीन मजले बांधायचे, झाडाला संगमरवरी ओटा करायचा. खुर्च्या आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या, म्हणून शेवटच्या बैठकीला मला झटकून अंथरलं. बैठकीनंतर मला भंगारवाल्याकडे द्यायचं, हेही त्यांनी माझ्यावर बसूनच ठरवलं. असो.

सचिव नागसेनने ठराव वाचला. झाडाला धक्का लागणार नाही, हे त्याने दोनदा वाचलं. पाच विश्वस्तांपैकी चौघांच्या सह्या झाल्या होत्या. पाचवी मालनबाईची. ती मिळाली की सोमवारी हॉल पाडायचं मशीन येणार. कागद तिच्यापुढे आला, पेन तिच्या हातात आलं. मागच्या खिडकीत पिंपळाची पानं हलत होती आणि तिकडे सोडून सगळे सगळीकडे बघत होते.

तेवढ्यात मालनबाईची नात एकता बोलली. तिला मराठी कळतं सगळं, बोलताना मात्र अर्धं हिंदीत घसरतं. "नागसेन भैया, बाकी तीन भिंती तर ठीक आहेत. मग एकच काहून फुटली?"

"वय झालं, बेटा."

"पर चारोंची उमर तर सेम आहे ना?"

कोणीतरी खोकलं. सुगत आपल्या मोज्यांकडे बघत राहिला. नागसेनने बोटाने सहीची जागा पुन्हा दाखवली.

मालनबाईने पेन कागदावर टेकवलं. मग उचललं. तिचा दुसरा हात माझ्यावरून फिरत फिरत ममता जिथून सरकली होती तिथे आला आणि थांबला. त्या हाताने इथल्या विटा वाहिल्या होत्या. खाली काय आहे ते त्याला कळलं, किंवा फार आधीपासून माहीत होतं. माझा एकेक धागा ताणला गेला. ती बोलली तर हॉल वाचणार होता, पण नवऱ्याचा मान जाणार होता. तिच्याजवळ दोन्ही ठेवायची सोय नव्हती.

"उठा सारे," ती म्हणाली. "सतरंजी गुंडाळा."

मला गुंडाळलं. खाली फरशी दोरखंडासारखी उंच उठली होती. मधली फट पार मागच्या भिंतीपर्यंत गेली होती, कपाटाखालून. फटीतून एक तपकिरी मूळ दिसत होतं, मनगटाएवढं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे चीर पडली तर तिच्यावर कॅलेंडर टांगू नका. आमच्याकडे ते काढायला दहा वर्षं लागली आणि एक म्हातारी लागली.

मालनबाई त्या मुळाशेजारी उघड्या फरशीवर बसली. नवऱ्याचं नाव तिने आजवर उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.

"हॉलले काही झालं नाही," ती म्हणाली. "भिंत या मुळानं फोडली. मले तवाच दिसलं होतं, मी बोलली नाही. मोतीरामनं झाड चुकीच्या जागी लावलं."