ओला दोरा

शिंपिणीने अर्धवट शिवलेला फ्रॉक टेबलावर ठेवला. घेर मुडपायचा तेवढा राहिला होता.

"पुरा न करताच आणलास?" बाईंनी विचारलं.

"बाकीच्यांनी आपापली कापडं परत नेली. म्हटलं, तुमचं मीच नेऊन द्यावं. तुमचे गुडघे कुरकुरतात, उगाच माझा जिना कशाला चढायचा?"

ती हसली. बाईंना हसता आलं नाही.

मागच्या आठवड्यात नातीच्या फ्रॉकसाठी बाई तिच्या दुकानात बसल्या होत्या. शिंपिणीने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि एका दमात सुईत ओवलं. बाईंनी कौतुकाने फोन पुढे धरला होता. "साठी उलटली, तरी चष्मा नाही हो हिला! बघा, बघा कशी ओवते!" तो व्हिडिओ त्यांनीच वसाहतीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'आपली माणसं'.

दोन दिवसांनी सकाळची प्रार्थना आटोपून त्यांनी फोन हाती घेतला, तर तोच व्हिडिओ फिरून परत आलेला. त्यात आता त्यांचा आवाज नव्हता. खाली लिहिलं होतं, 'थुंकी लावून शिवतात. त्या लोकांकडे कपडे टाकण्याआधी विचार करा.'

शिंपीण 'त्या लोकां'तली, हे सगळ्यांना पूर्वीही ठाऊक होतं. आजवर त्याचं कुणाला काही काम पडलं नव्हतं.

"बाई, तुमच्या फोनात अख्खं असेल ना? आवाजासकट?"

"आहे की."

"तेवढं टाका परत. मी सांगून कोण ऐकणार? मी कुठे आहे तुमच्या ग्रुपात!" तिने पदराने उगाचच टेबलाची कड पुसली. "या महिन्याभरात काम आलं नाही, तर मशीन कुणाला तरी देऊन टाकावं लागेल."

"टाकते. आत्ताच टाकते. तू बस तरी."

पण ती बसली नाही.

ती गेल्यावर बाईंनी ग्रुप उघडला. 'ज्यांना पुळका आलाय, त्यांनीच घाला ते कपडे,' असं कुणीतरी लिहिलं होतं आणि त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. बाईंनी व्हिडिओ शोधला. "साठी उलटली, तरी..." खोलीत त्यांचाच आवाज खणखणीत उमटला. त्यांनी घाईघाईने तो बारीक केला.

"कशाला पडतेस त्यात?" यजमान वर्तमानपत्रामागून म्हणाले. "उद्या तुलाच म्हणतील, ही त्यांच्यातली. आपल्याला राहायचंय याच माणसांत."

"मी खोटं थोडंच सांगणारे?"

"खऱ्याखोट्याचं कोण विचारतंय?"

बाईंनी फोन पालथा घालून पोथीशेजारी ठेवला.

संध्याकाळी नात फ्रॉकसाठी हटून बसली. बाईंनी चष्मा लावला, सुई घेतली. दोऱ्याचं टोक पिंजारलेलं, काही केल्या ओवेना. त्यांनी बोटांनी पीळ दिला, उजेडाकडे धरून पाहिलं, पुन्हा पीळ दिला. मग सवयीने हात आपोआप ओठांकडे गेला.

आणि तिथेच थांबला. समोरच्या खिडकीत शेजारीण उभी होती, हातात फोन.

बाई उठल्या. पडदा ओढून घेतला, कडेची फट नीट झाकली. मगच दोरा तोंडात धरला.