कोरड्या सालातले बारा मिलिमीटर

मित्रांनो, परभणीजवळच्या ज्वारी संशोधनाच्या शेतात उभा असलेला मी एक जुना पर्जन्यमापक आहे. पाऊस मोजणारं भांडं. वर नरसाळं, आत बाटली, बस्स. लोकांच्या करातून सरकारनं संशोधनासाठी पैसा दिला, त्यातून मी घडलो. मला पेटीत भरताना कुणीतरी म्हणालं, "देशाचं विज्ञान वाढवायचंय." माझ्यासारख्या डब्याकडून ते कसं वाढणार, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

१९७२ साली तर मी पुरता गोंधळलो. पाऊस येईना. तरी निरीक्षक आश्रुबा रोज सकाळी साडेआठला येत, माझी कोरडी बाटली उजेडात धरून बघत आणि वहीत शून्य लिहीत. जे पडलंच नाही ते कशाला मोजायचं? समोर ज्वारीच्या बारा वाणांच्या ओळी माना टाकून उभ्या होत्या. त्यांना कुणी पाणीही देत नव्हतं. मला ते निष्ठुर वाटे.

एका सकाळी बाटलीत पाणी निघालं. बारा मिलिमीटर! आश्रुबांनी खाली वाकून माती चाचपली. ती कोरडी ठणठणीत होती.

केंद्राचे प्रमुख आबासाहेब म्हणाले, "मापकात आहे ना? मग लिहून टाका."

"साहेब, माती न्हाई म्हनायलीय," आश्रुबा म्हणाले. वही मिटून ते निंदणाऱ्या बायकांकडे गेले.

सुलाबाई पुढं आल्या. जिंतूरकडच्या या मजूर बाईंचा चेहरा उतरला होता. "म्याच वतलं, दादा. तुमी रोज रिकामं भांडं बघून जाता, मला लय वाईट वाटलं. माझ्या घागरीतलं फुलपात्रभर घातलं. कामावरून काढू नका."

आश्रुबा रागावले नाहीत. "बाई, कोनती ज्वारी किती कमी पावसावर जगती, ते आमी बघायलाव. हे बारा लिवले, तर उद्या खोट्या हिशोबाचं बी तुमच्याच रानात जाईल अन् जळंल."

"मग हे पानी ज्वारीला घालू?"

"नका, नका!" आश्रुबा ओरडले. शेवटी ते पाणी बांधावरच्या शेळीनं प्यालं.

वहीत त्यांनी लिहिलं : शून्य. बाटलीतले पाणी पावसाचे नाही. सुलाबाईंचं नाव लिहिलं नाही. आबासाहेबांनी ते वाचलं. मग त्यांनी खाली सही केली.

पुढं दोन-चार सरी आल्या. त्या वर्षी अकरा ओळी वाळल्या. एका ओळीला मात्र बारीक कणसं धरली. तेच बी पुढची तीन वर्षं पेरून पाहिलं आणि मग शेतकऱ्यांना दिलं. एके दिवशी सुलाबाई आल्या. त्यांनी स्वतःच्या रानातलं टपोरं कणीस माझ्यासमोर धरलं. "बघ," एवढंच म्हणाल्या.

मी बघितलं. पण इतक्या शून्यांमधून कणीस कसं उगवलं, हे काही मला उमगलं नाही.

मित्रांनो, आता माझं नरसाळं गंजलंय आणि भोवती गवत माजलंय. कुणी ते कापलं, तर बरं होईल. आणि उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती अशी वही आली, तर जे दिसेल तेच लिहा. मला कळलं नाही, तरी चालेल.