आसरांची विहीर

तीन वर्षांपूर्वी, नातीला मूल होत नव्हतं तेव्हा, अंबिकाबाईंनी शेतातल्या विहिरीपाशी पदर पसरला होता. विहिरीच्या काठावर साती आसरांचे सात दगड, शेंदूर लावलेले. पाण्यात राहणाऱ्या त्या सात जणींना त्या म्हणाल्या होत्या, "वैदेहीची कूस उजवू द्या. बाळंतीण तुमच्याच पाण्याची ओंजळ पिईल."

आसरांनी ऐकलं. बाळाला सव्वा महिना झाला तसं नातजावई सुदर्शननं शहरातल्या पुंडलिकनगरच्या घरापुढं गाडी लावली. मागं वैदेही, मांडीवर बाळ. नारळ, खण, हळदकुंकू सगळं अंबिकाबाईंच्या पिशवीत. वाटेत पेट्रोल भरताना सुदर्शन कौतुकानं म्हणाला, "आजी, यात पाचवा हिस्सा इथेनॉल असतं बरं का. उसाचं, मक्याचं. बाहेरून तेल आणायला नको, धूरही कमी." तो वाळूजच्या कंपनीत इथेनॉलच्या कारखान्यांचे स्टीलचे उंच मनोरे बनवायचा. देवगाव रंगारीच्या पलीकडं, अंबिकाबाईंच्या शेतवस्तीजवळ उभा राहिलेला मनोराही त्याच्याच हातचा.

अंबिकाबाईंचं लक्ष कुठं होतं! त्यांना ते पाणी दिसत होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा चार वस्त्यांवरच्या बाया डाळ शिजवायला तिथूनच पाणी न्यायच्या. तूर कशी लोण्यासारखी मऊ व्हायची. स्वतःच्या प्रत्येक बाळंतपणानंतर त्यांनी तिथंच ओटी भरली होती, आणि ती गार ओंजळ पिताना दात शिवशिवले होते.

शेतात धाकटी जाऊ मुक्ताबाई वाट बघत उभी होती. तिनं बाळाची दृष्ट काढली, पण विहिरीकडं चलायचं म्हणेना. अंबिकाबाई आपणच गेल्या आणि कठड्याशी थबकल्या. पाणी काळ्या चहासारखं. वर साय धरल्यागत फेस, आणि काकवी नासल्याचा वास.

"मुक्ता, हे गं काय?"

"बघा की अक्का. दोन पावसाळे झाले. बैलंसुदीक तोंड लावीत नायती. तुमाला फोनवर काय सांगू? तुमी नवस बोलून गेलेल्या."

सुदर्शन वाकून बघत होता. त्याचा चेहरा उतरला.

"साखर काढून उरलेली मळी आंबवतात, आजी. मग तापवतात. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, ते पाण्याच्या आधी उकळतं, वाफ होऊन मनोऱ्यात चढतं. खाली उरतं ते हे. एका लिटर इथेनॉलमागं दहा-बारा लिटर."

"त्याचं काय करतात मग?"

"आटवायचं, जाळायचं, खत करायचं. नियम आहेत. पण साठवायच्या तळ्याचं अस्तर फाटलं, वरून पाऊस आला, की मुरतं जमिनीत."

"तुझ्या मनोऱ्यात याची काही सोय नाही का रे?"

"मनोरा वरचं तेवढं धरतो, आजी."

अंबिकाबाईंना करोनातलं ते हातावर घ्यायचं अल्कोहोलचं औषध आठवलं. चोळेपर्यंत तळवा कोरडा. "ते तर उडून जातं ना?"

"ते उडतं. हे नाही उडत."

"तक्रार केली का गं कुणी?"

"केली की," मुक्ताबाई म्हणाली. "साहेब आला, बाटलीत भरून घेऊन गेला. तवापासून ना साहेब, ना बाटली. आन लई बोंबलावं तर आमच्या पोराचा, सुयशचा ऊस त्याच कारखान्याला जातो. त्यांनी तोडणीची टोळी नाय धाडली तर फडातच वाळंल. ज्याच्या ताटात जेवायचं, त्याला नावं कशी ठेवायची?"

मग वैदेहीनं बाळ सुदर्शनकडं दिलं आणि दोरीला बांधून तांब्या विहिरीत सोडला. भरून वर ओढला. "आजी, एक घोट. नुसता ओठाला लावते. नवस तर फिटेल."

"नको!" अंबिकाबाईंनी तिचं मनगट धरलं. "अंगावर पाजतेस तू. ठेव तो खाली."

"मग नवस?"

"माझा आहे. मी पिते."

"आजी, खुळ्यागत करू नका," म्हणत सुदर्शननं एका हातानं तांब्या काढून घेतला. अंबिकाबाईंनी देऊन टाकला. ओढाओढी करण्याइतकं बळ हातात नव्हतं, आणि मनातही.

मुक्ताबाई खोपीतून पाण्याचा जार घेऊन आली. दगडांवर तपकिरी डाग बसले होते, ते तिनं पदरानं पुसले.

"आसरांना विकतचं पाणी घालतेस?"

"मंग काय करू, अक्का? आपण जार आणतो. त्या कुठं जातील? त्याच पाण्यात ऱ्हात्यात. वरीसभर मीच असं धुतीया त्यास्नी."

अंबिकाबाईंनी हात जोडले. काय मागावं ते सुचेना. माफी मागावी तर कुणाच्या वतीनं, तेही कळेना. मुक्ताबाईनं जार कलता केला. सातही दगड धुऊन निघाले, आणि पाणी कठड्यावरून ओघळत खाली विहिरीत गेलं. पडेपर्यंत ते स्वच्छ दिसत होतं.