शेवंतीवर पाटी नव्हती

चोरी रोजचीच होती. धरमपेठेतल्या त्या गल्लीत पहाट झाली, की कुंपणावरून हात आत यायचे आणि चारुलताच्या बागेतली फुलं दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात जायची. देवासाठी नेलेल्या फुलाला कुणी चोरी म्हणत नाही, असं गल्लीचं मत होतं.

पण त्या फुलांमागचं वर्ष कोणी पाहिलं होतं? मे महिन्यात कुंडीला हात लावला तर चटका बसायचा. तेव्हा शेवंतीच्या कोवळ्या रोपांवर चारुलता ओलं बारदान धरायची, भाज्या धुतलेलं पाणी साठवून संध्याकाळी घालायची. पावसाळ्यात मुळं कुजू नयेत म्हणून कुंड्या विटांवर चढवायची. ऑक्टोबरात गुलाब छाटायची. आणि मार्गशीर्षात शेवंती पिवळीधमक फुलली, की गुरुवारच्या पूजेला ती एका पहाटेत भुंडी!

गेल्या गुरुवारी तिनं फुलं नेणाऱ्या मीराबाईंना भर गल्लीत विचारलं होतं, "तुमच्या देवीला चोरीचा माल चालतो का हो?"

"फुलं का तुमच्या माहेरून आली?" मीराबाई फणकारल्या होत्या.

या बुधवारी आभाळ आलं आणि शेवंतीच्या शेंड्यांवर काळ्या बारीक किडीचा मावा दाटला. चारुलतानं कीटकनाशक कालवलं. रसायनशास्त्र शिकलेली बाई. तरी रागाच्या भरात मापापेक्षा जास्तच ओतलं. फवारणी चालू असताना शेजारच्या इंदूबाई कुंपणाशी आल्या.

"वास कायचा येऊन राहिला वं?"

"मावा पडलाय, काकू. आता आठ दिवस फुलांना हात लावायचा नाही."

"मंग पाटी लाव ना. उद्या गुरुवार हाये."

"पाटी पाहुण्यांसाठी असते. चोरांसाठी कशाला?"

"चोराचा जीव का उसना असते? त्याच्या पोटात गेलं तं विषच ना? तुले नसन जमत तं मी सांगतो साऱ्याइले."

"नको, काकू. मीच लावते."

पुठ्ठ्यावर तिनं लिहिलंही. मग कुंपणाशी उभी असताना तिला मीराबाईंचं ते वाक्य आठवलं आणि पुठ्ठा दाराआड ठेवून ती आत गेली. बोटं जळजळली, की कळेल एकेकीला!

सकाळी शेवंती भुंडी होती. क्षणभर तिला बरं वाटलं, अगदी बरं. आणि मग ध्यानात आलं. आज गुरुवार. बायका उपाशी असणार. फूल बुडवलेलं तीर्थ त्या अनशापोटी घेणार!

ती अनवाणी धावली. "मीराबाई, खरं सांगा, फुलं नेलीत का? मी रागावत नाही हो!"

"आम्ही नाही नेली बाई! आमच्या देवीला तुमचा माल नको." त्यांच्या पाठीमागे चौरंगावर पिवळ्या पाकळ्या दिसत होत्या.

समोरच्या वच्छलानं तर "सकाळी सकाळी भांडायला आल्या!" म्हणत दारच लावलं. चारुलता दार बडवत राहिली. कडी निघेना. तिच्या जिभेनं वर्षभर गल्लीला खोटं बोलायला शिकवलं होतं, आणि आज एकही दार तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

मग ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडली, "मी विष मारलंय! त्या फुलांवर विष आहे! तुम्हांला चोर म्हणणार नाही, फक्त तीर्थ घेऊ नका!"

दारं उघडली. मीराबाईंनी तीर्थाची वाटी नालीत ओतली आणि शिव्याशाप दिले. वच्छला रडू लागली. आणि तेवढ्यात किंकाळी आली, ती नेमकी ज्या घरावर चारुलतानं कधी संशय घेतला नव्हता, त्या घरातून.

इंदूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलं होतं. चारुलतानं त्यांच्या पापण्या उघडल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शिकलेलं सगळं तिला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं.

"मीच तोडली वो फुलं," सून शामला कपाळ बडवत होती. "आत्याबाईले बाजारातली म्हणून सांगितलं."

चारुलतानं धावत जाऊन घरून कीटकनाशकाची बाटली आणली आणि दोघींनी इंदूबाईंना सायकलरिक्षात घालून मेडिकल कॉलेजचं इस्पितळ गाठलं. बाटली पाहून डॉक्टरांना नेमकं इंजेक्शन देता आलं. तरी दिवसभर त्या शुद्धीवर आल्या नाहीत. चारुलता व्हरांड्यात भिंतीशी बसून राहिली. शामलानं आणलेला चहा तिच्या हातात निवून गेला.

दुसऱ्या दिवशी इंदूबाईंनी डोळे उघडले. ओठ सुकले होते. चारुलता जवळ वाकली.

"पाटी लावली होती का वं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. इंदूबाईंनी तोंड फिरवलं नाही. डोळे मात्र मिटून घेतले. ती शिक्षा तिला जन्मभर पुरणार होती.

घरी येऊन तिनं दाराआडचा पुठ्ठा काढला आणि कुंपणाला बांधला. खाली लिहिलं, 'चूक माझी आहे.' पुढच्या गुरुवारी फाटकाशी न फवारलेल्या झेंडूची टोपली होती. मीराबाई बराच वेळ लांब उभ्या राहिल्या. मग पहिल्यांदाच म्हणाल्या, "चारुलता, दोन फुलं घेऊ का?"

न विचारता दुसऱ्याचं फूल तोडणं चूकच आहे, मग ते देवासाठी का असेना. पण समोरच्याच्या पुढ्यात धोका आहे हे ठाऊक असून, तो चुकतोय म्हणून आपण गप्प बसलो, तर त्याच्या चुकीपेक्षा आपलं मौन मोठं पाप ठरतं. आपल्या अंगणातल्या विषाची पाटी आपणच लावायची असते, आणि ती पहाटेच्या आत!