ताईच्या नदीचं पाणी

ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली आणि घरात नुसत्या येरझारा घालायला लागली. म्हणून धाकट्या बहिणीनंच तिला ओढत तैलरंगांच्या वर्गाला नेलं. धाकटी छापखान्यात मुद्रितशोधक होती. कुठे चूक दिसली की तिच्या हाताला कंड सुटायची.

वर्गातल्या बाईंनी सगळ्यांना नदी काढायला लावली. "आधी आकाश, मग काठ, पाणी शेवटी. पाण्याला आपला रंग नसतो, काठावर जे असेल ते पाण्यात उतरतं." धाकटीला ते पटकन जमलं. ताईची नदी मात्र ताज्या डांबरी रस्त्यासारखी दिसायची.

एका शनिवारी ताईचा घसा धरला होता, ती आली नाही. तिचं चित्र लाकडी घोडीवर तसंच होतं, रंग अजून ओला. आसपास कुणी नव्हतं. धाकटीनं कोरडा रुंद ब्रश घेतला, झाडांच्या सावल्या सरळ खाली ओढल्या आणि वरून एकदा आडवा हलका हात फिरवला. पाणी जिवंत झालं.

पुढच्या वेळी बाई त्या चित्रापुढे थबकल्या. "अहो, हे पाणी बघा सगळ्यांनी!"

"वाळल्यावर खुललं वाटतं," ताई म्हणाली आणि लाजली. भावजी गेल्यापासून तिचा चेहरा असा फुललेला धाकटीनं पाहिला नव्हता. खरं सांगायची हीच वेळ होती, पण ती आपले ब्रश पुसत राहिली.

त्यानंतर ताई झपाटल्यासारखी नवनवे कॅनव्हास रंगवू लागली. जेवणाच्या टेबलावर नदी, स्वयंपाकघराच्या ओट्याशी नदी. पाणी काही साधेना. सुरीनं रंग खरवडायचा, पुन्हा लावायचा. धाकटी घरी आली की तिला तो टर्पेंटाइनचा वास नको व्हायचा.

एक दिवस चहा पिताना ताई सहज म्हणाली, "डॉक्टरांना बोटं दाखवून आले. एकदा जमलेलं परत का जमू नये? ते म्हणाले, काही झालेलं नाही. मग वयच असेल."

धाकटी म्हणाली, "ताई, तुझ्या बोटांना काही झालेलं नाही. ते पाणी मी केलं होतं. तू आली नव्हतीस तेव्हा."

ताईनं कप खाली ठेवला. "म्हणजे इतके दिवस मी तुझ्या हाताची नक्कल करत होते?"

"मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटलं ना. फार बरं वाटलं गं." तिचा आवाज फाटला. "डॉक्टरांकडे जाईपर्यंत तरी गप्प बसायचं नव्हतंस."

धाकटीनं बाईंनाही जाऊन सांगितलं. त्यांच्या नजरेनं ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. मध्ये एक शनिवार ताई आलीच नाही. मग आली, ती थेट पलीकडच्या खिडकीशी घोडी लावून बसली. "नाही जमत, परत दाखवा," असं बाईंना निःसंकोच म्हणू लागली.

घरी जाताना दोघी बरोबरच चालायच्या. सून, भाजी, गुडघे, सगळं बोलायच्या, फक्त चित्र सोडून. अखेर धाकटीनं विचारलं, "अजून रागावलीयेस?"

"राग कसला? पण तू माझ्या चित्राकडे पाहिलंस ना, की माझा हात आखडतो."

धाकटीनं मान डोलावली. पुढच्या आठवड्यापासून तिनं रविवारचा वर्ग धरला. ताई नको जाऊस म्हणेल असं तिला वाटलं होतं. ताईनं तिला अडवलं नाही.